शिराहामाचे पांडा गेले, समुद्र अजून तिथेच आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवार पुरवणीत जपानवर पानभर लेख आला होता. टोकियो, फुजी, क्योतो, ओसाका, बुलेट ट्रेन, नाराची हरणं, सगळं आलं होतं, फोटोही झकास होते, आणि शेवटी एका चौकटीत लिहिलेलं की ज्यांना समुद्र आवडतो त्यांनी विमानाने ओकिनावाला जावं आणि लहान मुलं बरोबर असतील तर ओसाकाहून शिराहामाला जाऊन पांडा बघून यावेत. ते वाचून मी आमच्या ह्यांना हाक मारली, म्हटलं अहो इकडे या, पेपरवाल्यांनी पांडा परत आणलेत.

कारण तिथे आता पांडा नाहीत हो. २८ जून २०२५ ला शिराहामाच्या प्राणिसंग्रहालयातले चारही पांडा चीनला परत गेले. आम्ही त्यानंतर नोव्हेंबरमध्ये गेलो तर सगळीकडे पांडाच पांडा, बिस्किटाच्या डब्यावर पांडा, टॉवेलवर पांडा, आगगाडीच्या तोंडावर पांडा रंगवलेला, फक्त खरा पांडा नाही. कोणी नातवंडांना घेऊन तुमच्या भरवशावर तिकडे गेलं तर पोरं भोकाड पसरतील, म्हणून ही दुरुस्ती छापा ही पहिली विनंती.

पण पत्र लिहायला बसले ते पांडासाठी नाही. मला राग आला तो त्या अख्ख्या किनाऱ्याची बोळवण एका ओळीत केली ह्याचा. शिराहामा ज्या वाकायामा प्रांतात येतं तो प्रांत म्हणजे ओसाकाच्या खाली समुद्रात उतरलेला जो की द्वीपकल्पाचा भाग आहे त्याचा पश्चिम आणि दक्षिण किनारा, आणि ह्या वाकायामाशी आपल्या महाराष्ट्र सरकारने २०१३ साली करार केलेला आहे, त्यात पर्यटनही आहे. २०१५ मध्ये आपल्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, त्याची बातमी तुमच्याच पेपरात वाचलेली मला आठवते. म्हणजे जपानमध्ये आपलं म्हणावं असं एक ठिकाण असेल तर ते हे, आणि मराठी पेपरात त्याच्या वाट्याला काय, तर नसलेले पांडा.

मी काही प्रवासलेखिका वगैरे नाही. माहेर गुहागरच्या बाजूचं, लग्नानंतर बोरिवली, नोकरी पोस्टात काउंटरवर, आता रिटायर. लेक आणि जावई ओसाकाला असतात म्हणून जाणं झालं, नाहीतर आम्ही कुठले जायला. लेकीला एकदम आठ दिवस सुट्टी मिळाली तेव्हा ती म्हणाली आई क्योतो तर तुला बघायचंच आहे पण तिथे दादर स्टेशनसारखी गर्दी असते, आधी समुद्राकडे जाऊ. मी म्हटलं समुद्र काय बघायचा, जन्म समुद्रावर गेला. तर आता ते शब्द परत घेते.

आधी एक स्पष्ट सांगते, बीच म्हणून जाल तर दोन तासांत कंटाळाल. शिराहामाचा बीच पांढराशुभ्र आहे, त्याचं नावच पांढरा किनारा, पण ती वाळू वाहून जायला लागली म्हणून ऑस्ट्रेलियाहून वाळू आणून टाकलेली आहे आणि थंडीत वाऱ्याने उडू नये म्हणून जाळ्या लावतात. मागे हॉटेलांची रांग, त्यातली काही जुनाट झालेली. छान आहे, पण आमची गुहागरची वाळू कुणी बोटीने आणून टाकलेली नाही, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

शिराहामात बघायचं ते कातळ. सेन्जोजिकी म्हणून एक जागा आहे, नावाचा अर्थ हजार चटयांची बैठक, समुद्रात घुसलेला थरथरांचा खडक, लाटांनी पायऱ्या पाडल्यासारखा झालेला, त्यावर संध्याकाळी लोक चुपचाप बसलेले असतात. तिथून जवळच सान्दानबेकी, पन्नास मीटर उंच सरळ तुटलेला कडा, आणि त्या कड्याच्या पोटातून लिफ्टने खाली गुहेत उतरता येतं. खाली लाट आत शिरली की धडाम् असा आवाज होतो की पोटात गोळाच येतो. जुन्या काळी कुमानो म्हणजे ह्या बाजूच्या मुलखाचं आरमार त्या गुहेत आपल्या होड्या लपवायचं म्हणतात. आणि एंगेत्सु नावाचं एक छोटं बेट, त्याला मधोमध गोल भोक पडलंय, त्यातून मावळता सूर्य दिसावा म्हणून माणसं कॅमेरे लावून उभी. आम्ही गेलो तेव्हा सूर्य भोकाच्या बराच बाजूला गेला, ह्यांनी तरी वीस फोटो काढले.

आता साकी नो यु ची गोष्ट सांगायची की नाही ह्याचा मी दोन दिवस विचार केला, पण सांगतेच. हे गरम पाण्याचं कुंड आहे, उघड्यावर, समुद्राला चिकटून. निहोन शोकी नावाचा जपानचा अतिशय जुना इतिहासग्रंथ आहे त्यात शिराहामाच्या ह्या गरम पाण्यांचा उल्लेख आहे, सातव्या शतकात राजेराण्या इथे स्नानाला यायच्या. आपल्याकडे आरवली, तुरळला गरम पाण्याची कुंडं आहेत, लहानपणी आजीबरोबर गेलेय, पण तिथे आजी नऊवारीसकट पाण्यात. इथे नियम असा की अंगावर काही नाही. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी, मध्ये भिंत, ते ठीक, पण वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी स्वतःच्या लेकीसमोर! मी दारातच थांबले. एक ऐंशीच्या पुढची आजी आली, तिने माझ्याकडे बघून मान हलवली, कपडे काढून घडी करून ठेवले, छोटा टॉवेल डोक्यावर ठेवला आणि चालायला लागली, जशी काही भाजी आणायला चाललीय. मग मीही गेले. साबण चालत नाही, कारण पाणी तिथूनच समुद्रात जातं. खडकातच कोरलेलं कुंड, गळ्यापर्यंत कढत पाणी, तोंडावर गार वारा, आणि दोन हातांवर लाट फुटतेय, तिचे तुषार अंगावर. पाच मिनिटांनी लाजबिज कुठल्या कुठे गेली. आमचे हे पलीकडून ओरडले, अगं झालं का? मी उत्तरच दिलं नाही.

तर हे शिराहामा. ओसाकाहून कुरोशिओ एक्स्प्रेसने अडीच तास लागतात आणि बहुतेक टुरिस्ट, जे येतात ते, इथूनच परत फिरतात. खरा माल पुढे आहे.

पुढे गाडी समुद्राच्या कडेकडेने जाते, बोगदा, खाडी, बोगदा, छोटं स्टेशन, अगदी कोकण रेल्वे, फक्त माणसं कमी. फारच कमी. गावांतून बंद घरं दिसतात, खिडकीबाहेर मोडकी सायकल, अंगणात संत्र्यांनी लगडलेलं झाड आणि तोडायला कोणी नाही. ते बघून मला आमच्या आळीतली कुलूप लावलेली घरं आठवली, शिमगा आणि गणपतीला उघडणारी.

कुशिमोतो हे होन्शू म्हणजे जपानच्या मुख्य बेटाचं दक्षिण टोक. तिथे हाशिगुई-इवा म्हणून खडक आहेत, चाळीसेक सुळके एका ओळीत, साडेआठशे मीटर लांब, किनाऱ्यावरून समोरच्या ओशिमा बेटाकडे निघालेले, जसे पुलाचे खांब उभारले आणि पूल टाकायचा राहिला. गोष्टही तशीच आहे. कोबो दाइशी म्हणजे कोयासानचं बौद्ध मठांचं ठिकाण वसवणारे थोर गुरू, त्यांची आणि एका राक्षसाची पैज लागली की एका रात्रीत बेटापर्यंत पूल बांधायचा. गुरू भराभर खांब रोवायला लागले, राक्षसाला वाटलं हे आता जिंकणार, म्हणून त्याने कोंबड्यासारखी बांग दिली, गुरूंना वाटलं उजाडलं, काम टाकून निघून गेले, खांब राहिले. लेकीने ही गोष्ट पाटीवरून वाचून दाखवली आणि मी आणि हे एकमेकांकडे बघून हसायलाच लागलो. अहो, पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, कोंबडा आरवला, कळस राहिला, ही गोष्ट कोकणात गावागणिक आहे! कोंबडा तिथलाही आणि इथलाही, काम अर्धवटच. ओहोटीला त्या खडकांमध्ये चालत जाता येतं. बाजूला मोठमोठे धोंडे पसरलेत, ते मात्र कोंबड्याचे नाहीत, त्सुनामीने इतस्ततः फेकलेले आहेत असं तज्ज्ञ सांगतात.

समोरच्या ओशिमा बेटावर आता खराखुरा पूल आहे, १९९९ मध्ये झाला. बेटाच्या टोकाला काशिनोझाकीचं दीपगृह, १८७० चं, दगडी दीपगृहांमध्ये जपानातलं सगळ्यात जुनं. आणि ह्या दीपगृहाशी जे घडलं त्यासाठी मी हे सगळं पत्र लिहितेय असं म्हटलं तरी चालेल.

१८८९ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाने जपानच्या सम्राटासाठी भेटी देऊन एक लढाऊ जहाज पाठवलं, एर्तुग्रुल. लाकडी, जुनं, मध्येमध्ये दुरुस्त करत करत निघालेलं. वाटेत ते आपल्या मुंबई बंदरातही थांबलं होतं, हे मला तिथे जाऊन कळलं, मुंबईत आयुष्य काढून कोणी सांगितलं नव्हतं. १८९० च्या जूनमध्ये योकोहामाला पोचलं, भेटीगाठी झाल्या, मग जहाजावर कॉलऱ्याची साथ, त्यात दिवस गेले, आणि परत निघाले ते नेमके वादळांच्या दिवसांत. १६ सप्टेंबर १८९० च्या रात्री ह्या दीपगृहाच्या खालच्या खडकांवर जहाज आपटलं. पाचशेच्या वर माणसं गेली. वाचली ६९.

ती ६९ कशी वाचली तर अंधारात कडा चढून काही जण दीपगृहाच्या उजेडाकडे आले, रखवालदाराला त्यांची भाषा येईना, त्यांना त्याची येईना. गावात खबर गेली आणि ओशिमाची माणसं दोऱ्या घेऊन खाली उतरली. मच्छीमारांचं गरीब गाव, त्या वर्षी वादळाने मासेमारीही धड झालेली नाही, घरात जी रताळी होती, अडीअडचणीला म्हणून राखलेल्या कोंबड्या होत्या, त्या सगळ्या ह्या परक्या माणसांना रांधून घातल्या. गारठलेल्यांना आपल्या अंगाच्या उबेने गरम केलं. पुढे डॉक्टरांना बिलं पाठवा म्हणून विचारणा झाली तेव्हा त्यांनी कळवलं की आम्ही पैशांसाठी केलं नाही, ते त्या लोकांनाच द्या. जपानने मग आपल्या दोन युद्धनौकांनी त्यांना इस्तंबूलला पोचवलं.

गोष्ट इथे संपत नाही. १९८५ मध्ये इराण-इराक युद्धात इराकने जाहीर केलं की अमुक वेळेनंतर इराणवरून उडणारं कुठलंही विमान पाडू. तेहरानमध्ये शेकडो जपानी अडकलेले, विमान मिळेना. तेव्हा तुर्कस्तानने आपली विमानं देऊन २१५ जपान्यांना बाहेर काढलं. पंचाण्णव वर्षांनी. त्या रताळ्यांची आणि कोंबड्यांची आठवण ठेवून.

दीपगृहाजवळ तुर्की स्मारक आहे, म्युझियम आहे, त्यात जहाजातून वर आलेल्या वस्तू ठेवल्यात, भांडी, नाणी वगैरे. मला सगळ्यात भावलं ते बाहेर, स्मारकापाशी कोणीतरी फुलांबरोबर एक संत्रं ठेवलं होतं. नुसतं एक संत्रं. रस्त्यात तुर्की वस्तूंचं दुकान, गालिचे, निळ्या डोळ्यांचे ताईत, आणि तुर्की आईसक्रीम. त्या आईसक्रीमच्या नादात आमची बस गेली. पुढची बस कधी ते बघितलं तर ह्यांचा चेहरा पडला. चूक आमचीच, टाइमटेबल फोनमध्ये होतं. बसस्टॉपवर एक बाई वाट बघत, म्हणजे वाट बघत नव्हती, तिचं घरच तिथे होतं, तिने आत जाऊन पाच संत्री आणून दिली आणि एक बाकडं दाखवलं. लेकीशी काय काय बोलली. लेक म्हणाली, त्या विचारतायत तुम्ही तुर्की का? मी म्हटलं सांग त्यांना, मुंबईच्या, ते जहाज आमच्याकडे पण थांबलेलं. लेकीने सांगितल्यावर त्या बाईंनी मला वाकून नमस्कार केला, मला कळेना आता मी काय केलं नमस्कार करण्यासारखं, मी पण केला.

संपादक महोदय, मी मुद्दाम हे सविस्तर लिहिलं, कारण तुमच्या लेखात क्योतोच्या सोनेरी देवळाला दोन परिच्छेद होते. असूद्यात, देवळाशी माझं भांडण नाही.

पुढचा मुक्काम कात्सुउरा. हे कुप्याचं बंदर, ज्याला आता सगळे ट्यूना म्हणतात तो आमच्याकडचा कुपा. लांब दोऱ्यांना गळ लावून धरलेला ताजा, न गोठवलेला कुपा जपानात सगळ्यात जास्त इथे उतरतो. लिलाव बघायला वरच्या मजल्यावर गॅलरी आहे, फुकट. आम्ही पहिल्या दिवशी पहाटे उठून तोंड न धुता गेलो तर शनिवार, बाजाराला सुट्टी. परत येऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी मात्र बघितलं. ओल्या फरशीवर ओळीने कुपे मांडलेले, एकेक वासराएवढा, शेपटी कापून बाजूला, घेणारे लोक वाकून त्या कापलेल्या जागेचं मांस बोटाने चोळून बघतात, एकजण टॉर्च मारून बघत होता. किती शांतता! कोण कितीला म्हणालं ते वरून काही कळलं नाही. आमच्याकडे धक्क्यावर जो गलका असतो त्याची सवय असल्याने मला वाटलं काहीतरी वाईट घडलंय की काय. नंतर जवळच्याच टपरीवजा दुकानात भातावर कच्चा कुपा खाल्ला. माहेरी कुपा म्हणजे आईच्या हातचं चिंचेचं दाट कालवण, कच्चा खायचा म्हटल्यावर आईने घराबाहेर काढलं असतं. चांगला लागला. ह्यांनी दोनदा घेतला. शाकाहारी लोकांना मात्र ह्या भागात जरा जड जाईल, नुसत्या भाजीच्या सूपमध्येही माशाचं पाणी असतं, लेकीने आधीच विचारून ठेवायला सांगितलंय ते इथे लिहिते.

कात्सुउराच्या शेजारी ताइजी आहे, व्हेलच्या शिकारीचं गाव, चारशे वर्षांचा धंदा, डॉल्फिनच्या शिकारीवरून जगभर वाद. म्युझियम आहे. आम्ही गेलो नाही. मासे खाणाऱ्यांनी ह्यावर काय बोलावं असं हे म्हणतात, मला तरी जावंसं वाटलं नाही.

आणि नाची. लेखात हा धबधबा सुद्धा नव्हता ह्याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. १३३ मीटर, एका उडीत, जपानात सगळ्यात उंच. त्याच्या माथ्यावर जाड दोरखंड बांधलेला असतो, कारण धबधबा हाच देव, मूर्ती वेगळी नाही. समोर हात जोडून उभं राहायचं. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, नदीची ओटी भरणारी माणसं आपण. खालून दाइमोन-झाका नावाची दगडी पायवाट चढून जायचं, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे देवदारासारखे वृक्ष, दगडांवर शेवाळ. हा कुमानो कोदो ह्या यात्रेच्या वाटांचा भाग, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. माझे गुडघे बोलायला लागले पण चढले, मध्ये तीनदा बसले.

वर सेइगान्तो-जी नावाचं देऊळ आहे, पश्चिम जपानातल्या तेहेतीस कान्नोन देवळांच्या यात्रेतलं पहिलं, आणि त्याची दंतकथा ऐका, भारतातून समुद्रात वाहत आलेला एक साधू ह्या किनाऱ्याला लागला, धबधब्याखाली तप करताना त्याला कान्नोनची मूर्ती सापडली, तिथून हे देऊळ. त्या साधूचं नाव जपानी लोक राग्यो सांगतात, उघडा साधू असा अर्थ. दंतकथाच आहे, पण आठशे पायऱ्यांसारख्या वाटणाऱ्या त्या चढणीनंतर ऐकल्यावर मला तो साधू आपल्याच कुणाचा तरी खापरपणजोबा वाटला. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व, जपानात जाऊन आईसारखा झालेला.

ह्याच अवलोकितेश्वराशी जोडलेली ह्या किनाऱ्यावरची शेवटची गोष्ट सांगते, आणि ती जरा अंगावर येणारी आहे. नाची स्टेशनपासून चालत पाचएक मिनिटांवर फुदाराकुसान-जी नावाचं लहानसं देऊळ आहे, कोणी फारसं थांबत नाही, सगळ्या बसेस धबधब्याकडे पळतात. फुदाराकु म्हणजे संस्कृत पोतलक, अवलोकितेश्वराचं राहण्याचं ठिकाण, जुन्या बौद्ध ग्रंथांत ते दक्षिण भारताच्या समुद्राकडे सांगितलंय. तर इथल्या भिक्षूंची श्रद्धा अशी की इथून दक्षिणेला समुद्रात निघालं की ते पोतलक गाठता येतं. मग काय करायचे, तर एक होडी, तिच्यावर छोटी लाकडी खोली, चार बाजूंना चार तोरणं, आत भिक्षू बसायचा, महिनाभराचं अन्न आणि दिव्याचं तेल, आणि खोलीचा दरवाजा बाहेरून खिळे मारून बंद. दुसरी नाव ती होडी ओढत खोल समुद्रात नेऊन दोर कापायची. ८६८ सालापासून १७२२ पर्यंत वीसेक वेळा अशा होड्या गेल्या. सोळाव्या शतकात एकाने खोली फोडून जवळच्या बेटावर पळून जायचा प्रयत्न केला, तर त्याला धरून बुडवलं. त्यानंतर मात्र जिवंत माणसाला पाठवायचं थांबलं, फक्त वारलेल्या महंतांचे देह असे सोडायचे.

देवळात त्या होडीची हुबेहूब प्रतिकृती ठेवलीय. मी तिच्याजवळ बराच वेळ उभी होते. खोली एवढीशी, आमच्या बोरिवलीच्या बाथरूमपेक्षा लहान. आत वाकून बघितलं, लाकडाचा वास, बाकी काही नाही. लेक म्हणाली आई चल. मला आठवत होतं ते औरंगाबाद लेण्यांतलं सात नंबरचं लेणं, दारावरच अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना भक्तांवर आलेली संकटं कोरलीत, आग, हत्ती, साप, चोर, आणि त्यात एक बुडणारं गलबतही आहे, माणसं त्याचा धावा करतायत. आपल्याकडचे व्यापारी त्याला म्हणायचे बुडण्यातून वाचव. तिथे माणसं त्याला भेटायला म्हणून होडीत बसून गेली, आणि ती सुद्धा आपल्याच दिशेने. हा विचार मला नाचीच्या स्टेशनात आला आणि तो अजून गेलेला नाही.

बाकीचं थोडक्यात, कारण पत्र लांबलंय हे मला दिसतंय. परतीच्या वाटेवर मिनाबे आणि तानाबेची उमेबोशी, म्हणजे उमे नावाचं आंबट फळ मिठात मुरवून वाळवलेलं. दुकानात दहा तऱ्हेची चाखायला ठेवतात, मधातली, कमी मिठाची, आणि अस्सल जुनी, जी तोंडात टाकली की डावा डोळा आपोआप मिटतो. आमसूल आणि जुन्या कैरीच्या लोणच्यावर वाढलेल्या माणसाला ती अस्सलच आवडते. दुकानदार मला मधातली देत होता, परदेशी म्हणून, मी नको म्हणून अस्सल मागितली तेव्हा त्याने मागच्या बाजूने बायकोला बोलावून दाखवलं.

आणि युआसा-हिरोगावा, जोडगावं. युआसा हे जपानी सोया सॉसचं जन्मगाव मानतात, जुन्या लाकडी घरांची आळी आहे, गल्लीत नुसता त्या सॉसचा वास भरलेला. शेजारच्या हिरोगावात १८५४ मध्ये मोठा भूकंप होऊन त्सुनामी आली, संध्याकाळचा अंधार, लोकांना वाट दिसेना, तेव्हा हामागुची गोर्यो नावाच्या माणसाने शेतातल्या भाताच्या पेंढ्यांच्या उडव्या पेटवून दिल्या, त्या उजेडाच्या आधाराने लोक उंचावरच्या देवळापर्यंत पोचले. घराण्याचा सोया सॉसचाच धंदा. नंतर ह्याच माणसाने स्वतःच्या पैशाने सहाशे मीटर लांब, पाच मीटर उंच मातीचा बांध घातला, कामाला गावातलीच माणसं लावली, म्हणजे ज्यांचं सगळं वाहून गेलंय त्यांना रोजगार मिळाला आणि ती गाव सोडून गेली नाहीत. चार वर्षं काम चाललं. १९४६ मध्ये परत त्सुनामी आली तेव्हा त्या बांधाने गावाचा मोठा भाग वाचवला. ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिवस आहे तो ह्याच गोष्टीवरून, जुन्या पंचांगाने त्सुनामीची ती तारीख. बांध अजून आहे, त्यावर झाडं आहेत. आम्ही गेलो तेव्हा शाळेची पोरं वरून धावत होती आणि एक आजोबा पालापाचोळा झाडत होते. तिकीट नाही, सेल्फी पॉइंट नाही. हे म्हणाले ह्यात बघायचं काय, नुसता बांध आहे. आणि मग स्वतःच ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजत गेले.

तर माझं म्हणणं एवढंच की पुढच्या वेळी जपानवर लिहाल तेव्हा ओसाकानंतर पूर्णविराम देऊ नका. टूर कंपन्यांचं मला कळतं, त्यांना सात दिवसांत सगळं कोंबायचं असतं, चाळीस माणसांची बस ओशिमाच्या रस्त्यावर वळणार नाही आणि जेवणाची सोय कोण करणार. पण हल्ली कितीतरी मराठी मुलं ओसाका, कोबे, नागोयाला नोकरीला आहेत, त्यांचे आईवडील माझ्यासारखे महिना-दोन महिने जाऊन राहतात आणि मुलगा ऑफिसला गेला की घरात बसून इथल्याच सिरियल बघतात. त्यांच्यासाठी तरी लिहा. जमलं तर वाकायामावर एक सबंध पान द्या, फोटो हवे असतील तर ह्यांनी काढलेले वीस आहेत, भोकाच्या बाजूला गेलेल्या सूर्याचे.

आपली जुनी वाचक,
बोरिवली (पश्चिम)

ता. क. ओसाकाहून जाताना गाडीत उजव्या बाजूची खिडकी मागायची, समुद्र त्या बाजूला येतो. आम्ही जाताना डावीकडे बसलो होतो. आणि कानसाई वाइड एरिया नावाचा रेल्वेपास आहे तो परदेशी पाहुण्यांना मिळतो, नाचीच्या पुढच्या शिंगू स्टेशनपर्यंत चालतो, पण तिथे राहणाऱ्या मुलांना मिळत नाही, लेकीला पूर्ण तिकीट काढावं लागलं, त्यावरून ती अजून कुरकुरतेय.